डमीचे शब्द

९ जानेवारी

प्रिय गुणगुण्या,

तुझं पत्र पोचलं. ‘ताई, धीर धर’ एवढं लिहायला तुला तीन आठवडे लागले. गीतकार ना तू? परक्यांना म्हणे मागतील तेवढे शब्द पुरवतोस.

झिपरी घरातून गेली त्याला आज त्र्याण्णव दिवस झाले. शेजारच्या बाई म्हणतात, मोजू नका. मी मुद्दाम मोजत नाही, आपोआप मोजले जातात. वर्तमानपत्रात तिचा फोटो आणि आपला पत्ता छापून आल्यापासून माणसं येतात. एकाने तिला बंदरावर पाहिलं, एकीच्या स्वप्नात ती आली, एक जण तर खुर्चीत ऐसपैस बसून विचारत होता की बक्षीस ठेवलंय का. ठाण्यातले फौजदार भले आहेत. ते म्हणाले, “बाई, एक तरी गोष्ट अशी पोटात ठेवा, जी फक्त तुम्हाला आणि तुमच्या मुलीला माहीत आहे. जो येईल त्याला तेवढीच विचारा. सांगता आली तर खरा, नाही तर वाटेला लावा.” मला लगेच पटलं. बावीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर बसते मी. पावती नाही तर कपडे नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

माझी पावती म्हणजे तिचं शेवटचं वाक्य. त्या संध्याकाळी आमचं वाजलं होतं, ते तुला ठाऊक आहेच. मी शिवणयंत्राशी पाठमोरी बसले होते. चपला घालता घालता ती म्हणाली, “दार लावू नकोस, मी आलेच.” मी मान वळवली नाही. फुगले होते ना! एकोणीस वर्षांच्या पोरीवर फुगून बसले होते.

हे वाक्य मी फौजदारांनाही सांगितलेलं नाही. पण एकटीने पोटात ठेवून ते आता मला भलभलत्या वेळी ऐकू येतं. म्हणून तुला लिहिलं. जगात फक्त तुला. कुणाजवळ बोलू नकोस, माझी शपथ आहे.

दाराला मी कडी घालत नाही. नुसतं लोटून ठेवते.

तुझी ताई

—

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतोय. माझ्या तोंडाला कुलूप समज.

मी गीतकार आहे हे इथे दोघांनाच माहीत आहे, मला आणि घरमालकिणीला. आणि तिचाही विश्वास बसत नाही. सहा वर्षांत माझी तीन गाणी रेकॉर्डवर आली आणि तिन्ही आपटली. सध्या रोज मास्तरांच्या खोलीवर जातो. मास्तर म्हणजे संगीतकार. ते आधी धून बांधतात. मग गाणाऱ्या बाईंना चाल पाठ व्हावी म्हणून मी त्या धुनेवर हाताशी असतील ते शब्द बसवून देतो. त्याला आमच्यात डमी म्हणतात. त्याला अर्थ लागत नाही, नुसतं माप जुळलं की झालं. खरे शब्द नंतर येतात, डमी केराच्या टोपलीत जाते. परवा मी किराणाच्या यादीवरून डमी केली. “साबण संपला, तेल संपलं, काडेपेटी ओली.” बाईंनी डोळे मिटून ती इतकी जीव तोडून गायली की गिटारवाल्याने नाक पुसलं.

तुला हसू यावं म्हणून लिहिलं. आलं का?

झिपरी येईल. हट्टी आहे, पण मनाची कोती नाही. लहानपणी रुसून जिन्याखाली बसायची आणि भूक लागली की स्वतःच यायची, आठवतं?

तुझा गुणगुण्या

—

२१ एप्रिल

ताई,

लागलं! एकदाचं लागलं! दोन आठवड्यांत रेकॉर्डची दुसरी खेप काढावी लागली. बसमध्ये, न्हाव्याकडे, शाळेच्या फाटकाशी, जिकडे जावं तिकडे माझं गाणं. न्हाव्याला म्हटलं, हे मी लिहिलंय. तो म्हणाला, मान हलवू नका. वेष्टनावर पुढे बाईंचा हा एवढा फोटो आहे. माझं नाव मागे, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, भिंग घेऊन वाचावं लागतं. पण आहे.

गाणं नाचाचं आहे, उडतं. तुझ्या पसंतीला उतरायचं नाही. तुझा रेडिओ अजून बंदच आहे ना? राहू दे, घाई नको करून घेऊस दुरुस्तीची.

बाकी सगळं भेटीत सांगेन. बरंच सांगायचं आहे.

तुझा गुणगुण्या

—

६ मे

आमच्या लाँड्रीत इस्त्री करणारे काका आहेत. साठीचे, अबोल. आज दुपारी ते शर्टाची कॉलर दाबता दाबता म्हणाले, “दार लावू नकोस, मी आलेच.”

मी काउंटर ओलांडून धावले. त्यांचा हात धरला. इस्त्री तापलेली होती, माझं मनगट भाजलं, ते मला नंतर कळलं. मी ओरडत होते, “कुठे भेटली? कुठे भेटली ती तुम्हाला?” काका घाबरून भिंतीला टेकले. म्हणाले, “ताई, गाणं आहे हो. नवीन आलंय.”

क्षणभर मला वाटलं होतं की माझी पोर सापडली. तेवढ्या क्षणासाठी मी तुला कधी माफ करीन असं वाटत नाही.

माझ्याकडे एकच पावती होती. तू ती छापून गावभर वाटलीस. का, एवढंच सांग.

—

१४ मे

ताई,

तुला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही. तरी पत्र फाडण्याआधी ऐक.

मी ते मुद्दाम केलं. विचार कर, झिपरी आज कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. वर्तमानपत्र ती वाचत नाही, पोलिसांना तिचा माग लागत नाही. पण गाणं? गाणं कुठेही जातं. चहाच्या दुकानात, कारखान्यात, कुणाच्याही खिडकीतून. एक दिवस ते तिच्या कानावर पडेल आणि तिला कळेल की हे वाक्य फक्त आईच सांगू शकते. म्हणजे आई वाट बघतेय. म्हणजे दार उघडं आहे. तुझा निरोप पोचवायला माझ्याकडे दुसरं होतं काय? मला दुसरं काही येतच नाही.

तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणून विचारलं नाही. त्याबद्दल जोड्याने मार.

तुझा गुणगुण्या

—

३ जून

प्रिय गुणगुण्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू असा विचार केला असशील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली तुला पोटभर शिव्या देत बसले होते. लहानपणापासून तुला धांदरट म्हणत आले, आणि आपल्या घरात खरं डोकं तुलाच आहे, असं आता म्हणावं लागतंय. फार फुगू नकोस.

फौजदारांना सांगितलं. ते वैतागले, म्हणाले आता ती खूण बाद झाली. मी म्हटलं, खूण गेली, पण हाक तर गेली ना सगळीकडे.

रेडिओ दुरुस्त करून आणला. गाणं दिवसातून पाच-सहा वेळा लागतं. पहिले काही दिवस मी कान झाकून घ्यायचे. आता लागलं की शिवण थांबवते आणि मनात म्हणते, ऐक गं, ऐक. परवा तर माझा पाय पायडलवर ठेका धरत होता, माझी मलाच लाज वाटली. ती कुठल्याशा बसमध्ये खिडकीशी बसली असेल, ड्रायव्हर हे गाणं लावेल आणि ती शेजारणीला म्हणेल, अगं हे माझ्या मामाचं!

मनगट बरं आहे. डाग राहील म्हणतात.

तुझी ताई

—

३० जुलै

ताई,

घाईत लिहितो. खाली गाडी उभी आहे. होय, गाडी, हसू नकोस. बाईंच्या पुढच्या दोन्ही रेकॉर्डी माझ्याकडे आल्या. कंपनीवाले म्हणतात, तसंच आणखी एक द्या. तसंच म्हणजे कसं, विचारलं तर म्हणतात, घरातलं, बोलण्यातलं, काळजाला लागणारं. माझ्याकडे तसं दुसरं कुठून असणार? बसतो, कागद काळे करतो, फाडतो. मास्तर म्हणतात, विचार करायला लागलास की तू बिघडतोस.

तू गाणं ऐकतेस हे वाचून बरं वाटलं. बरं म्हणजे काय, नीट सांगता येत नाही.

गु.

—

१९ सप्टेंबर

प्रिय गुणगुण्या,

मी दमले रे.

जूनपासून चौदा पत्रं आली. ‘आई, दार लावू नकोस, मी आलेच.’ सगळ्यांत तेच. गाणं सगळ्यांच्या तोंडी, आणि पत्ता काय, छापलेलाच आहे. एकात पोरांनी खाली खिदळणारं तोंड काढलंय. एका पत्रावर विश्वास ठेवून मी लाँड्रीतून रजा काढली आणि दहा तास गाडीने गेले. तिथे एक पानासारखी सुकलेली म्हातारी होती. तिला वाटत होतं की मी तिची हरवलेली मुलगी आहे. मी तिच्याजवळ अर्धा दिवस बसले. काय करणार?

आपल्या फौजदारांची बदली झाली. नवे साहेब फाइल न उघडताच बोलतात.

चौदाही पत्रं सोबत पाठवते आहे. मला आता ती घरात नकोत. फक्त सर्वांत वरचं नीट वाच. सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सचं आहे. लिहिते की वॉर्डात एक मुलगी आहे, छाती फार खराब झाली आहे, बोलायला त्रास होतो. तिने हे वाक्य आणि पत्ता सांगितला, जमल्यास लवकर या. बस. या बाईने काहीच मागितलेलं नाही. बाकी सगळ्यांनी काही ना काही मागितलंय.

मला वाटलं, तिला एक प्रश्न विचारावा. लाँड्रीत प्रत्येक कपड्याला नंबराची खूण घालतात ना, तशी मी घरच्या कपड्यांना गळ्याच्या आतून लाल दोऱ्याने शून्य काढते. घरच्यांना नंबर नसतो म्हणून शून्य. झिपरीला ते माहीत आहे. नर्सला तेवढं विचारू का? की सरळ निघू? पुन्हा तसंच झालं तर मी परत येईन असं वाटत नाही. तू सांगशील तसं करीन. शब्दांतलं तुला कळतं.

तुझी ताई

—

१ ऑक्टोबर

ताई,

तू कुठेही जायचं नाहीस. हा गुंता मी केला, मीच निस्तरतो. यापुढे येईल ते पत्र न उघडता माझ्याकडे पाठवून दे.

नर्सचं पत्र वाचलं. ताई, न मागणारे जास्त पोचलेले असतात. आधी जीव गुंतवायचा, मग मागायचं. इथे बाईंना रोज अशी पत्रं येतात, आणि मला आता वासावरून कळतं. शून्याची गोष्ट तर मुळीच उघड करू नकोस. एक खूण माझ्यामुळे गेली, दुसरी तरी राहू दे.

तिला मी उत्तर धाडलंय. तुझ्या माहितीसाठी मजकूर देतो: ‘बाई, ते गाणं आम्हीही ऐकलं आहे. एका आईच्या जखमेशी खेळताना आपल्या अंगावर रुग्णसेवेचा गणवेश आहे, याची तरी लाज बाळगा. पुन्हा लिहिलंत तर नोकरीला मुकाल.’ दहा मिनिटांत लिहिलं. मास्तरांना दाखवलं, ते म्हणाले, धार आहे.

आता शांत झोप.

तुझा गुणगुण्या

—

८ फेब्रुवारी

आज टपालाने एक पुडकं आलं. तुझ्याकडे न उघडता पाठवायचं ठरलं होतं. मी उघडलं.

आत एक पोलकं आहे. निळं, बाहीला उसवलेलं. गळ्याच्या आत लाल दोऱ्याचं शून्य आहे. टाका माझा आहे. मी माझा टाका ओळखते.

सोबत चिठ्ठी: ‘तुमची मुलगी २७ नोव्हेंबरला गेली. हे तिचं आहे. पाठवू की नको ठरवायला मला वेळ लागला. नोकरी गेली तरी चालेल. तुम्हाला नको असेल तर फेकून द्या.’

उद्या पहाटेच्या गाडीने त्या दवाखान्यात जाते. तू येऊ नकोस.

—

१६ फेब्रुवारी

ताई,

तीनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि जिन्यातून परत फिरलो. दार लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. 

मी ते मुद्दाम केलं नव्हतं. झिपरीच्या कानावर पडावं वगैरे काही नव्हतं. ते मी तुझं चिडलेलं पत्र आल्यावर रचलं. खरं एवढंच आहे की त्या सकाळी स्टुडिओत मास्तरांनी धून ऐकवली, माझं डोकं रिकामं होतं, बाई खोळंबल्या होत्या. खिशात तुझं पत्र होतं. वाक्य मापात बसत होतं. डमी म्हणून लिहून दिलं. जेवून आलो की बदलायचं, असं ठरवूनच उठलो होतो.

जेवून आलो तेव्हा बाईंनी ते गाऊन टाकलं होतं आणि मास्तर काचेमागे उभे राहून नाचत होते. म्हणाले, याला कुणी हात लावायचा नाही. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. ‘हे माझ्या बहिणीचं आहे, काढा.’ पाच शब्द. मी उभा राहिलो, ताई. सहा वर्षं मी त्या खोलीत त्या नाचण्याची वाट पाहिली होती. मी गप्प बसलो.

आणि ज्या माणसाला नर्सच्या त्या चार साध्या ओळींतलं खरं ओळखता आलं नाही, तो काळजाला लागणारं लिहितो म्हणे.

मला काहीही कर, पण लिही. एक ओळ लिही.

गुणगुण्या

—

२ मार्च

गुणगुण्या,

दवाखान्यातून परत आले. नर्स भेटली. माझ्याहून वयाने लहान आहे, पाय सुजलेले. तिने मला आधी पाणी दिलं, मग बोलली.

झिपरी एका मुलाबरोबर गेली होती, त्याने तिला दोन महिन्यांतच टाकून दिलं. मग ती कुठल्याशा कारखान्यात सूत भरायला लागली, तिथेच छाती गेली. दवाखान्यात आणली तेव्हा नाव सांगेना, पत्ता सांगेना. आईला काय तोंड दाखवू, म्हणायची. आणि मग ऑगस्टमध्ये वॉर्डातल्या रेडिओवर तुझं गाणं लागलं.

नर्स म्हणाली, पोरगी हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, “हे माझ्या मामाने लिहिलंय. हे मी आईला म्हणाले होते, दुसऱ्या कुणाला माहीतच नाही. म्हणजे आई अजून दार लावत नाही.” त्या दिवशी तिने पत्ता दिला. चारचारदा बजावून सांगितलं, पत्रात तेवढं वाक्य नक्की लिहा, आई लगेच ओळखेल.

तू खोटं लिहिलं होतंस ना, की गाणं तिच्यापर्यंत जाईल? ते गेलं, रे. जसं तू लिहिलं होतंस अगदी तसंच गेलं. तिचं पत्रही माझ्यापर्यंत आलं. ते मी हातात घेतलं, त्यातलं वाक्य वाचलं आणि तुझ्याकडे पाठवून दिलं. तुझ्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. निघू का, असं मी तुला विचारलं. विचारायला नको होतं. निघायला हवं होतं.

तुझं उत्तर नर्सने तिला दाखवलं नाही. तिने तिला सांगितलं की आईचं पत्र आलंय, आई निघाली आहे, लांबचा प्रवास आहे, उशीर होईल. जवळजवळ दोन महिने ती बाई रोज हेच सांगत राहिली. झिपरीची खाट जिन्यासमोरच्या दाराशी होती. थंडी सुरू झाली, वारा यायला लागला, बाकीचे रोगी कुरकुरायला लागले. कुणी दार ओढायला आलं की ही उठून बसायची. बोलवत नव्हतं तिला, तरी म्हणायची, “दार लावू नका. माझी आई येतेय.”

शेवटच्या दिवशीही ते उघडंच होतं, असं नर्स म्हणाली. तिने मला ते दार दाखवलं. साधं आहे, हिरव्या रंगाचं.

गाणं बंद करायला कुणाला सांगू नकोस. ती त्याला हसली होती. काका इस्त्री करताना गुणगुणतात तेव्हा मी आता काही बोलत नाही.

पण तू मला पत्र लिहू नकोस. तू वाईट आहेस म्हणून नाही. तू लिहिलेल्यातलं खरं कोणतं आणि डमी कोणतं, हे मला यापुढे ओळखता येणार नाही.

ताई